डोंगर फोडण्याआधीचा प्रवास

१९९२ साली नॉर्वेच्या संसदेने आउरलांद आणि लार्दाल या दोन गावांमधल्या डोंगराखालून रस्ता काढायला मंजुरी दिली. बोगद्याची लांबी होती साडेचोवीस किलोमीटर. त्या वेळी जगातला सर्वांत लांब रस्ता-बोगदा स्वित्झर्लंडमधला गॉटहार्डचा होता. १९८० साली खुला झालेला तो बोगदा १६.९ किलोमीटरचा. म्हणजे नॉर्वे एका उडीत साडेसात किलोमीटर पुढे जाणार होता. खडक फोडणे या देशाला नवे नव्हते. शेजारच्याच गुडवांगेनजवळ त्यांनी ११ किलोमीटरहून लांब बोगदा १९९१ साली वाहतुकीला खुला केला होता. डोंगराच्या पोटात कोणता दगड आहे, सुरुंगाला किती दारू लागेल, राडारोडा कुठे टाकायचा, धूर कुठून बाहेर काढायचा, या सगळ्यांची उत्तरे रस्ते खात्याच्या अभियंत्यांकडे होती. एका प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्या कोष्टकांत सापडत नव्हते. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जवळजवळ वीस मिनिटे एकाच नळीतून, आभाळ न दिसता, गाडी चालवणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होईल?

हा प्रश्न त्यांनी बांधकामाआधी विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी डोंगराबाहेर, एका प्रयोगशाळेत, माणसे गाडीत बसवली. रस्तेबांधणीच्या इतिहासातले हे पान फारसे वाचले गेलेले नाही. ते वाचायला हवे, कारण रस्ता चुकीचा आखला गेला तर त्याची किंमत आखणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती रस्त्यावरून जाणाऱ्याला मोजावी लागते.

बर्फाचा रस्ता

राजधानी ऑस्लो नॉर्वेच्या पूर्वेला, जुने व्यापारी बंदर बर्गन पश्चिमेला, आणि दोहोंच्या मध्ये डोंगरांचा आडवा पसारा. या दोन शहरांना जोडणारी रेल्वे १९०९ साली झाली. पण फेरीबोटीत न चढता, बर्फाच्या वादळाला न घाबरता, बारा महिने भरवशाने जाता येईल असा रस्ता विसावे शतक संपत आले तरी नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे फाटे जमिनीत खोल शिरलेले आहेत. त्यांना फ्योर्ड म्हणतात. त्यांपैकी सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि आउरलांद व लार्दाल ही गावे त्याच्याच शाखांच्या काठी वसली आहेत. दोन्ही गावांमधला घाटरस्ता समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरपर्यंत चढतो. हिवाळा लागला की तो बंद होतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उघडतो तेव्हाही त्याच्या दोन्ही कडांना माणसाहून उंच बर्फाच्या भिंती असतात. स्थानिक लोक त्याला बर्फाचा रस्ताच म्हणतात.

ऑस्लो आणि बर्गनमधला मुख्य रस्ता कोणत्या डोंगरावरून न्यायचा, याचा वाद अनेक वर्षे चालला. १९७५ साली संसदेने फिलेफ्येल डोंगराच्या बाजूने कौल दिला. मग राहिला तो आउरलांद आणि लार्दाल यांच्यामधला तुटलेला दुवा. उघड्यावरून रस्ता काढला असता तर दरडी आणि हिमलोट यांच्याशी कायमचे वैर आले असते, शिवाय जगभरातून लोक पाहायला येतात त्या दऱ्यांवर ओरखडे उठले असते. म्हणून डोंगराच्या पोटातून जायचे ठरले.

मार्च १९९५ मध्ये काम सुरू झाले. खडकाच्या तोंडावर शंभरेक भोके पाडायची, त्यांत दारू ठासायची, स्फोट करायचा, राडारोडा उपसायचा आणि पाचेक मीटर पुढे सरकून पुन्हा तेच करायचे. असा हा रोजचा क्रम साडेचार वर्षे चालला. एकूण २५ लाख घनमीटर दगड बाहेर निघाला. काही ठिकाणी डोक्यावर हजार मीटरहून जास्त जाडीचा डोंगर होता. एवढ्या ओझ्याखाली दाबलेला खडक मोकळा झाला की त्याचे कपचे आवाज करत उडतात. हे रोखण्यासाठी छताला पोलादी बोल्ट ठोकले जात आणि तंतुमिश्रित काँक्रीटचा फवारा मारला जाई. सप्टेंबर १९९९ मध्ये दोन्ही बाजूंची खोदाई एकमेकींना भेटली.

वीस मिनिटांचा प्रश्न

या रस्त्यावर दिवसाला हजारभर वाहने येतील, फार तर थोडी जास्त, असा अंदाज होता. एवढ्या विरळ वाहतुकीसाठी जाण्याचा आणि येण्याचा असे दोन स्वतंत्र बोगदे खोदणे परवडणारे नव्हते. नळी एकच, रुंदी सुमारे नऊ मीटर, आणि त्यातच समोरासमोरून जाणाऱ्या दोन लेन. मध्ये दुभाजक नाही, फक्त रंगवलेली रेघ. अशा रस्त्यावर एखाद्या चालकाचा क्षणभर डोळा लागला तर गाडी थेट समोरच्या वाहनावर जाते.

विरळ वाहतूक ही सोय वाटते, पण लांब बोगद्यात तीच धोक्याची ठरते. उघड्या रस्त्यावर झाडे, घरे, वळणे, ढग यांच्यामुळे नजरेला सतत काहीतरी काम असते. बोगद्यात सारखे अंतर राखून लावलेले दिवे येतात आणि जातात, भिंत तीच, आवाज तोच. काही मिनिटांत नजर एका जागी खिळते, आपण किती वेगात आहोत आणि किती आत आलो आहोत याचा अंदाज सुटतो. हे झाले सुस्तीचे. दुसरा त्रास याच्या अगदी उलट असतो. बंद जागेची भीती असलेल्या माणसाला बोगद्याचे तोंड मागे पडले की घाम फुटतो, छातीत धडधड वाढते. असा माणूस मध्येच थांबतो, गाडी वळवू पाहतो, किंवा लवकर बाहेर पडण्यासाठी वेग वाढवतो. एकच बोगदा एकाला झोपवतो आणि दुसऱ्याला घाबरवतो. दोघेही एकाच रेघेच्या अलीकडे-पलीकडे गाडी चालवत असतात.

रस्ते खात्याने या कामासाठी ट्रॉन्डहाइममधल्या सिंटेफ या संशोधन संस्थेकडे धाव घेतली. सिंटेफमध्ये अभियंत्यांबरोबर मानसशास्त्रज्ञही होते, आणि त्यांच्या हाताशी एक ड्रायव्हिंग सिम्युलेटर होता.

जागच्या जागी धावणारी गाडी

सिम्युलेटरची कल्पना विमानविद्येतून आली. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक यांनी वैमानिकांच्या शिक्षणासाठी जमिनीवरच कलणारी, डुलणारी एक पेटी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात अशा पेट्यांत बसून असंख्य वैमानिकांनी ढगांतून विमान चालवण्याचे पहिले धडे गिरवले. मोटारीचे असे यंत्र बनवणे जास्त अवघड निघाले. विमानाच्या समोर बहुतेक वेळ मोकळे आकाश असते. मोटारीच्या समोर रस्ता, पाट्या, कठडे आणि इतर गाड्या असतात, आणि स्टिअरिंग थोडे फिरले तरी हे सगळे दृश्य त्याच क्षणी बदलावे लागते. संगणकाला चित्र झपाट्याने काढता येऊ लागले तेव्हाच हे जमले. स्वीडनमध्ये लिन्शॉपिंगच्या राष्ट्रीय रस्ते व वाहतूक संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकापासून यावर काम केले आणि ऐंशीच्या दशकात हलणारा सिम्युलेटर वापरात आणला. १९८५ साली डाइम्लर-बेन्झ कंपनीने बर्लिनमध्ये सहा यांत्रिक पायांवर उभा असलेला भलामोठा घुमट बांधला. त्यात अख्खी मोटार ठेवता येई.

हे यंत्र शरीराला कसे फसवते ते पाहण्यासारखे आहे. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा खरी गाडी पुढे झेपावते आणि पाठ आसनात रुतते. सिम्युलेटर तर जागचा हलत नाही. मग तो अख्खी केबिन हळूहळू मागे कलवतो. पृथ्वीचे गुरुत्व पाठीला आसनाकडे ओढते, डोळ्यांसमोर रस्ता वेगाने मागे पळत असतो, आणि मेंदू या दोन्हींची सांगड घालून समजतो की गाडीने वेग घेतला. कलण्याची गती फार सावध ठेवावी लागते. ती जास्त झाली तर आतल्या कानाला फसवणूक कळते. चित्र आणि हालचाल यांत थोडासा उशीर झाला तरी माणसाला मळमळू लागते. घाटात गाडी लागते त्यामागेही डोळा आणि कान यांच्यातला असाच बेबनाव असतो. त्यामुळे प्रत्येक प्रयोगात काही माणसांना अर्ध्यावर उतरवावे लागते.

पण यंत्र जमले की जगात अजून अस्तित्वात नसलेल्या रस्त्यावरून माणसाला नेता येते. वळण सरळ करा, दिवा हलवा, पाटी शंभर मीटर अलीकडे आणा, आणि पुन्हा त्याच माणसाला त्याच रस्त्यावरून पाठवा. त्याने ब्रेक कुठे दाबला, गाडी लेनमध्ये किती डुलली, नजर कुठे अडकली, हे सगळे नोंदले जाते. चूक झाली तर पडद्यावर गाडी आपटते आणि चालक धडधाकट बाहेर येतो.

बोगद्यातली पहाट

ट्रॉन्डहाइमच्या प्रयोगशाळेत लार्दालचा बोगदा असा पडद्यावर उभा राहिला. आतली रचना आणि प्रकाश यांचे वेगवेगळे पर्याय तपासले गेले. माणसाला सुस्तावू न देणारे आणि घाबरूही न देणारे असे रूप हवे होते. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. जागे ठेवण्यासाठी सारखे लखलखाट आणि आवाज केले तर घाबरणारा आणखी घाबरतो. शांत, एकसारखा प्रकाश ठेवला तर दमलेला झोपतो.

उत्तर निघाले ते प्रवासाचे तुकडे पाडण्याचे. साडेचोवीस किलोमीटरचा एक बोगदा न करता त्याचे चार बोगदे वाटावेत अशी रचना करायची. सुमारे सहा-सहा किलोमीटरवर डोंगरातच तीन प्रशस्त दालने कोरायची. उरलेल्या बोगद्यात साधा पांढरा प्रकाश असेल, पण दालनात शिरताच छत उंच होईल, भिंती दूर सरकतील आणि वरून निळा प्रकाश पडेल. दालनाच्या कडांना, भिंत जमिनीला टेकते तिथे, पिवळे दिवे लावायचे, म्हणजे क्षितिजावर उजाडते आहे असा भास होईल. वीस मिनिटांचा प्रवास अशा रीतीने पाच-पाच मिनिटांच्या चार टप्प्यांत वाटला गेला. सुस्तावलेल्या नजरेला दर टप्प्याला नवे दृश्य मिळते, आणि घाबरलेल्याला पुढचा मुक्काम जवळ आहे एवढा दिलासा. ज्याला थांबायचे त्याने दालनात गाडी बाजूला लावावी, श्वास घ्यावा. अगदीच नको झाले तर तिथूनच वळून परत जावे.

बोगदा सरळसोट न ठेवता त्याला सौम्य वळणे देण्यात आली. दोन लेनच्या मध्ये खरखरीत पट्टे बसवले. चाक त्यावर गेले की गाडी थरथरते, मोठा आवाज येतो आणि डुलकी मोडते. दर २५० मीटरवर मदतीचा फोन आणि दर १२५ मीटरवर आग विझवणारी नळकांडी ठेवली गेली. कोणी नळकांडे नुसते उचलले तरी बोगद्यात 'वळा आणि बाहेर पडा' अशा पाट्या उजळतात आणि दोन्ही तोंडांशी बोगदा बंद झाल्याची सूचना लागते. बस आणि मोठे ट्रक वळवता यावेत म्हणून १५ जागा मुद्दाम रुंद ठेवल्या. दूषित हवा दोन किलोमीटरच्या वेगळ्या बोगद्यातून बाजूच्या दरीत सोडली जाते, आणि धूळ व नायट्रोजन डायऑक्साइड गाळणारे शुद्धीकरण यंत्रही डोंगरातच बसवले आहे.

या सगळ्या कामाला मिळून सुमारे १०८ कोटी क्रोनर लागले. २७ नोव्हेंबर २००० रोजी राजे पाचवे हाराल्ड यांच्या हस्ते बोगदा खुला झाला. लार्दालची निळी दालने आज छायाचित्रांमुळे जगभर माहीत आहेत, आणि पाहणाऱ्याला ती सजावट वाटते. पण त्या निळ्या उजेडाचे काम झुंबराचे नाही, कठड्याचे आहे. कठडा दरीत पडू देत नाही. हा उजेड समोरच्या लेनमध्ये जाऊ देत नाही.

आगीची दोन वर्षे

लार्दालचे काम चालू असतानाच युरोपातल्या बोगद्यांवर संकटे कोसळू लागली. २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ ब्लां बोगद्यात एका ट्रकला आग लागली आणि ३९ माणसे मेली. दोनच महिन्यांनी ऑस्ट्रियातल्या टाउअर्न बोगद्यात टक्कर होऊन आग भडकली. १२ जण गेले. २४ ऑक्टोबर २००१ रोजी गॉटहार्डमध्ये एक ट्रक आपली लेन सोडून समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळला. त्या आगीत ११ जणांचा बळी गेला. तिन्ही बोगदे एका नळीचे आणि दुतर्फा वाहतुकीचे होते.

या घटनांनंतर बोगद्यातल्या माणसाच्या वागण्याकडे जगाचे लक्ष गेले. धूर दिसला तरी लोक गाडीतच का बसून राहतात, बाहेर पडण्याची दारे समोर असून ती का दिसत नाहीत, अशा प्रश्नांवर संशोधन वाढले. गॉटहार्डचा अपघात तर लेन सुटण्यापासूनच सुरू झाला होता, आणि लार्दालच्या आखणीत नेमक्या याच भीतीचा विचार आधी झाला होता.

नॉर्वेचा अनुभव पुढे चीनमध्ये गेला. शीआन शहराच्या दक्षिणेला चिनलिंग पर्वताखालून १८ किलोमीटरचा चोंगनानशान बोगदा काढताना सिंटेफच्या संशोधकांचे ज्ञान कामी आले. २००७ साली खुल्या झालेल्या या जोड-बोगद्यातही ठरावीक अंतरावर प्रकाशाचे वेगळे पट्टे आहेत. छतावर आकाश आणि ढग, कडेला कृत्रिम झाडे. स्टॉकहोमच्या बाह्यवळण मार्गाचे लांबच लांब बोगदे आखले गेले तेव्हा स्वीडनच्या संस्थेनेही चालकांना आधी सिम्युलेटरमधून त्या मार्गावर नेऊन आणले.

चुकीच्या बाजूचा रस्ता

बोगद्यात प्रश्न झोपेचा आणि भीतीचा होता. अमेरिकेत त्याच सुमाराला सिम्युलेटरपुढे एक वेगळाच प्रश्न आला. तो होता सवयीचा.

२००० साली मेरिलँड विद्यापीठातले विद्यार्थी गिल्बर्ट श्लेविकी यांनी महामार्गावरच्या इंटरचेंजची एक नवी रचना कागदावर मांडली. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. आपल्याकडे उजवीकडे वळणाऱ्याला जशी समोरून येणाऱ्या गाड्या संपण्याची वाट पाहावी लागते, तशी तिथे डावीकडे वळणाऱ्याला पाहावी लागते. महामार्गावरच्या पुलाशी अशा वळणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आणि टक्करीही तिथेच होतात. श्लेविकी यांनी सुचवले की पुलाच्या अलीकडे एका सिग्नलवर दोन्ही बाजूंच्या गाड्या एकमेकींना छेदून बाजू बदलतील. पुलावर सगळे डाव्या बाजूने चालतील, त्यामुळे महामार्गाकडे डावीकडे वळणाऱ्याला कोणीच आडवे येणार नाही. पूल ओलांडला की दुसऱ्या सिग्नलवर सगळे पुन्हा आपापल्या बाजूला येतील. नेहमीच्या इंटरचेंजवर गाड्या एकमेकींच्या वाटेत येतील अशी २६ ठिकाणे मोजली जातात. या रचनेत ती १४ उरतात. फ्रान्समध्ये व्हर्सायसारख्या दोन-तीन ठिकाणी असे इंटरचेंज सत्तरच्या दशकापासून होते, पण अमेरिकेत कोणी ते पाहिलेले नव्हते.

गणित बिनतोड होते. पण जन्मभर उजवीकडून गाडी चालवलेल्या माणसाला रस्त्याने अचानक डावीकडे नेले तर तो काय करील? सवयीने उजवीकडेच गेला, तर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडी जाईल. हा रस्ता आधी बांधून मग पाहायचा म्हणजे पहिल्या दिवशीच्या चालकांवर प्रयोग करण्यासारखे होते.

मिसूरी राज्याला कॅन्सस सिटीजवळ अशी रचना करायची होती. अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने व्हर्जिनियातल्या मॅक्लीन इथल्या आपल्या संशोधन केंद्रात तो इंटरचेंज सिम्युलेटरवर उभा केला. ७४ चालक बोलावले. त्यांना नवी रचना, तीच रचना पण कमी पाट्यांसह, आणि नेहमीचा इंटरचेंज, असे तिन्ही दाखवले. २००७ साली अहवाल आला. पहिल्यांदाच या रचनेतून जाणाऱ्यांनीही नेहमीच्या इंटरचेंजपेक्षा जास्त चुका केल्या नव्हत्या, आणि त्यांचा वेग मात्र कमी झाला होता. छेदण्याच्या जागेचा कोन, रस्त्यावरचे बाण, कठडे आणि पाट्या नीट असतील तर माणूस सवयीपेक्षा समोरच्या रस्त्यावर विश्वास ठेवतो, हे दिसले.

प्रत्यक्ष बांधण्याचा मान मात्र त्याच राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहराने मिळवला. २००९ च्या उन्हाळ्यात तिथे महामार्ग ४४ आणि राज्यमार्ग १३ यांच्या छेदावर अमेरिकेतला पहिला असा इंटरचेंज खुला झाला. वळणाऱ्यांसाठी वेगळ्या लेन लागत नसल्याने जुना पूल पाडावा लागला नाही. काम काही महिन्यांत आणि कमी खर्चात आटोपले. पुढे अनेक ठिकाणच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा अशा जागी अपघात सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. आज अमेरिकेत असे शंभराहून अधिक इंटरचेंज आहेत.

यंत्र काय सांगते, काय सांगत नाही

सिम्युलेटरवर डोळे झाकून भरवसा ठेवणारे संशोधक मला वाचनात भेटले नाहीत. पडद्यावर मरणाची भीती नसते. आपल्याला कोणी पाहते आहे हे चालकाला माहीत असते. वेगाची जाणीवही खऱ्या रस्त्यासारखी तंतोतंत नसते. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी हीच शंका तपासली. वेग कमी करायला लावणारे आडवे खरखरीत पट्टे त्यांनी खऱ्या रस्त्यावर उपकरणे लावलेल्या गाडीतून आणि सिम्युलेटरमधून अशा दोन्ही रीतींनी आजमावले. वेगाचे आकडे जुळले नाहीत. पण पट्ट्यांमुळे चालक कुठे आणि कसा मंदावतो, याचा क्रम दोन्हीकडे सारखाच निघाला. म्हणजे अमुक वळणावर गाडी नेमकी ताशी ७२ किलोमीटरने जाईल असे हे यंत्र सांगू शकत नाही. दोन आराखड्यांपैकी कोणता जास्त सुरक्षित, हे ते सांगू शकते. रस्ता आखणाऱ्याला कागदावर असतानाच कळायला हवे असते ते हेच.

आणि काही संकटे या यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतात. ऑगस्ट २०१३ मध्ये लार्दालच्या शेजारच्या गुडवांगेन बोगद्यात ट्रक पेटला आणि साठाहून जास्त लोक धुरात अडकले. सुदैवाने कोणी दगावले नाही. पेटलेले इंजिन आणि हवेची दिशा यांचा विचार वेगळ्या चाचण्यांनीच करावा लागतो. सिम्युलेटर चालकाचे मन तपासतो, बाकीची तपासणी इतरांनी करायची असते.

आपल्या वाटेवर

हा इतिहास महाराष्ट्राला दूरचा वाटू नये. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि पुढच्या काही महिन्यांत 'महामार्ग संमोहन' हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला. सरळ, रुंद, मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना सारखेच दृश्य, तासन्‌तास एकच वेग. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले, तेव्हा ही चर्चा आणखी तीव्र झाली. त्यानंतर कडेला रंगीत झेंडे, फलक, समुपदेशन असे उपाय झाले. ते बांधकामानंतरचे उपाय होते. ट्रॉन्डहाइमच्या प्रयोगशाळेने हाच प्रश्न पहिली गाडी बोगद्यात शिरण्याआधी सोडवला होता.

आता याच महामार्गावर कसारा आणि इगतपुरीदरम्यान सुमारे आठ किलोमीटरचा जोड-बोगदा आहे. मुंबई-पुणे मार्गावर लोणावळ्याच्या डोंगराखालून जवळजवळ नऊ किलोमीटरचा बोगदा काढला गेला, आणि ठाणे व बोरिवली यांना जोडणारा त्याहून लांब बोगदा राष्ट्रीय उद्यानाखालून आखला गेला. आपल्या घाटांत पिढ्यान्‌पिढ्या चालकांना वळणांनी जागे ठेवले. आता आपण ती वळणे डोंगराच्या पोटात सरळ करतो आहोत. विद्या आपल्याकडे नाही असेही नाही. आयआयटी मुंबईत ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर थकवा, मोबाइल आणि वेग यांचा चालकावर होणारा परिणाम अभ्यासला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसची सुरक्षा-तपासणीची नियमपुस्तिका तर आराखड्याच्या टप्प्यावरच रस्ता तपासायला सांगते. उणीव आहे ती या दोन्हींना एकत्र आणण्याची.

बोगदा खणण्याआधी डोंगरात भोके पाडून खडकाचे नमुने काढतात. त्याशिवाय कोणी निविदा काढत नाही, आणि त्यावर झालेला खर्च वाया गेला असे कोणी म्हणत नाही. चालकाची चाचणीही निविदेच्या कागदात अशीच सक्तीची असावी. दहा-बारा किलोमीटरच्या प्रत्येक नव्या बोगद्याचा, प्रत्येक अवघड इंटरचेंजचा, शंभर किलोमीटर सरळ धावणाऱ्या प्रत्येक महामार्गाचा आराखडा मंजुरीआधी सिम्युलेटरवर चालवून पाहावा. त्यात शहरातला मोटारवालाही असावा आणि रात्रपाळी करून आलेला ट्रकचालकही. त्यांच्या चुका कुठे होतात ते नोंदवावे आणि त्या जागी आराखडा बदलावा. नॉर्वेने १९९० च्या दशकात, आजच्या तुलनेत कितीतरी दुबळ्या संगणकांवर, हे करून दाखवले. तेव्हा त्यांना ते परवडले. आज आपल्याला न परवडण्याचे कारण नाही.